बाटलीवाल्यांचा इतिहास

माझ्या काकाला आमच्या भागात कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्याला ‘इतिहास’ म्हणत. तो न्हाव्याच्या दुकानात शिरला की खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने मान वळवून म्हणायचं, “आला इतिहास! आता तासाभराची निश्चिंती.” काकाला यात चेष्टा दिसायची नाही. त्याला तो मान वाटायचा, आणि कोणी न विचारताच तो सुरू व्हायचा.

त्याला इतिहास एकच येत होता, आमच्या फुटबॉल क्लबचा. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यातल्या भट्टीवाल्यांनी हा क्लब काढला, तोही फुटक्या काचा टाकायच्या पडीक जागेवर. म्हणून जर्सी बाटलीच्या हिरव्या रंगाची. आणि म्हणूनच प्रत्येक सामन्याआधी प्रेक्षकांनी रांगेत वाकून मैदानभर फिरायचं आणि मातीतून वर आलेल्या काचा वेचायच्या. कितीही वेचा, पुढच्या सामन्याला नव्या हजर. आपण हरलो की समोरचे ओरडायचे, “बाटली फुटली!” आपण बहुतेक वेळा हरायचोच. पण काका ते इतक्या प्रेमाने सांगायचा की ऐकणाऱ्याला हरणं हाच मोठेपणा वाटावा.

तो सुतार होता. फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय जोडायचा आणि सुट्टीच्या दिवशी क्लबच्या लाकडी स्टँडची डागडुजी फुकट करायचा. तो स्टँड समर्थकांनीच बांधलेला. कॉर्नर किक मिळाली की त्यावरचे सगळे जण एका तालात पाय आपटायचे. तो आवाज म्हणे पार भट्टीपर्यंत ऐकू जायचा.

मी तो कधी ऐकला नाही. मी पाळण्यात होते तेव्हाची गोष्ट. उपांत्य सामना, आपल्याला कॉर्नर मिळालेला, आणि पाय आपटता आपटता स्टँड खाली बसला. नऊ माणसं गेली. त्यात काकाचा थोरला भाऊ होता, म्हणजे माझे वडील. काका खाली कुंपणाजवळ उभा होता, म्हणून वाचला.

चौकशी झाली आणि त्यानंतर क्लबने एक वाक्य काढलं: ‘त्या दिवशी आपलाच उत्साह आपल्याला नडला.’ म्हणजे माणसं आपल्याच पायांनी मेली. शाळेत एका मुलीने मला विचारलं होतं, “तुझ्या बाबांना नाचायची काय गरज होती?” मी तिची वेणी ओढली आणि घरी येऊन आईवर चिडले. काकासुद्धा त्या वर्षाशी आला की तेच वाक्य म्हणायचा, टोपी काढायचा, जरा थांबायचा आणि पुढच्या हंगामाकडे वळायचा. बसमध्ये असो की दवाखान्याच्या रांगेत, त्यातला एक शब्दही कधी इकडचा तिकडे झाला नाही.

वडील गेल्यावर तो आमच्याकडेच राहायला आला, मागच्या खोलीत. लग्न केलं नाही. माझं शिक्षण, आईची दुखणीखुपणी, घरातली गळकी मोरी, सगळं त्याने निस्तरलं. मला सायकल त्यानेच शिकवली. आई घरी शिवणकाम करायची. त्याचं जेवणखाण ती पाहायची, त्याचा हिरवा मफलर धुऊन वाळत घालायची. पण मैदानाकडे तिने परत पाऊल टाकलं नाही. बाजारात जातानासुद्धा ती लांबचा रस्ता धरायची.

म्हातारपणी काकाच्या पोटाचं ऑपरेशन निघालं. आदल्या दिवशी भेटीच्या वेळेत त्याने आईला खाटेजवळ बसवलं. मी संत्रं सोलत होते.

“वहिनी,” तो म्हणाला, “स्टँडच्या तुळया कुजल्या होत्या. मला ठाऊक होतं.”

मग सगळंच बाहेर आलं. त्या हंगामाच्या सुरुवातीला त्याने एका तुळईला पटाशी लावून पाहिली होती, तर ती लोण्यात गेल्यासारखी आत गेली. त्याने तेव्हाच्या अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, हंगाम संपू दे. स्टँड पडल्यावर तेच अध्यक्ष त्याच्याकडे आले. पडलेलं लाकूड तोवर बाटल्यांच्या कारखान्याच्या भट्टीत गेलं होतं. चौकशीत खरं निघालं तर क्लब कायमचा बंद होईल आणि मैदान गोदामाला जाईल, असं त्यांनी समजावलं. वर म्हणाले, “तुझा भाऊ काही आता परत येत नाही.” आणि काकाने साक्ष दिली: मी सुतार आहे, मी स्वतः पाहिलंय, लाकूड ठणठणीत होतं.

आईने फक्त एवढंच विचारलं, “ह्यांना सांगितलं होतंत?”

“दादाला सांगितलं असतं तर त्याने सगळ्यांनाच खाली उतरवलं असतं,” काका म्हणाला. “सामनाच झाला नसता.”

आई उठली, पिशवी घेतली आणि चालायला लागली. माझ्या हातात सोललेलं संत्रं तसंच राहिलं. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी लहानाची मोठी झाले, त्याच्याकडे मला बघवेना.

ऑपरेशन नीट झालं. काका घरी आला. आई त्याचं पथ्यपाणी करायची, पण बोलायची नाही. “विचार त्यांना, आणखी हवंय का,” असं समोर बसून मला सांगायची. काका मान हलवायचा. एवढ्या वर्षांत घरात कधी अबोला नव्हता, आणि आता भांडी घासल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायला लागला.

त्यातच क्लबची शंभरी आली. कार्यक्रमात क्लबच्या इतिहासावर काका बोलणार, असं ठरलं. दुसरं कोण बोलणार? ते कळल्यावर आई पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलली.

“भावजी, ज्या लोकांसमोर खोटं बोललात, त्यांच्यासमोर खरं बोला. लाकूड कुजलं होतं, माणसांचा दोष नव्हता. एवढंच. मी ऐकायला येईन.”

“तुम्ही मैदानावर याल?”

“येईन.”

काका तिथेच रडला. मग त्याने तयारी सुरू केली. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसायचे आणि तो ओट्याला टेकून बोलायचा. भट्टीवाले, काचा वेचणं, ‘बाटली फुटली’, सगळं कसं सुरळीत. त्या वर्षाशी आला की जीभ आपोआप जुन्या रुळावर जायची. “आपलाच उत्साह…” म्हणेपर्यंत मी ओरडायचे, “काका! तुळया!” तो कपाळावर हात मारून घ्यायचा. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी एका संध्याकाळी तो न अडखळता म्हणाला, “तुळया कुजल्या होत्या. मी सांगितलं होतं, आणि मग मीच खोटी साक्ष दिली.” शेजारच्या खोलीत आईचं मशीन चालू होतं, ते थांबलं. तिने ऐकलं होतं.

कार्यक्रम नव्या काँक्रीटच्या स्टँडखालच्या हॉलमध्ये होता. आई चांगली साडी नेसली आणि पहिल्या रांगेत बसली. काका उभा राहिला आणि हॉल त्याचा झाला. काय बोलला तो त्या दिवशी! लोक पोट धरून हसत होते. बॉल हरवला म्हणून जुन्या गोलकीपरने कोबी आणून सामना पुरा केल्याचं सांगितलं तेव्हा आईसुद्धा हसली. मी तिला पाहिलं. काका रंगात आला होता, टाळ्यांवर टाळ्या पडत होत्या, आणि तो त्या वर्षाशी आला.

त्याने टोपी काढली.

“त्या दिवशी,” तो म्हणाला, “आपलाच उत्साह आपल्याला नडला.”

मला वाटलं, आता थांबेल, आता सुधारेल. तो थांबलाही. पण त्या वाक्यानंतर तो नेहमीच थांबायचा. आताचे अध्यक्ष उठून उभे राहिले, त्यांच्यामागे सगळा हॉल उभा राहिला, माना खाली घालून, अगदी मनापासून. त्या उभ्या माणसांमध्ये माझी आई एकटी बसून राहिली. काकाने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला तेव्हा कळलं असावं की आपण काय बोललो. लोक खाली बसले आणि तो पुढच्या हंगामाबद्दल बोलायला लागला.

बाहेर रस्त्यावर तो आमच्या मागून जवळजवळ धावत आला. “वहिनी, मुद्दाम नाही हो. तोंडात तेच बसलंय.”

“आपोआप नाही बसलं,” आई म्हणाली. “रोज घोकून बसवलंय तुम्ही.”

“परत जा, काका,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “अजून आहेत सगळे. आत जा आणि सांग.”

तो वळला. फाटकापर्यंत गेला, आत डोकावला, आणि तसाच परत आला.

“आता कसं सांगू?” तो म्हणाला. “लोक जेवायला बसलेत.”

त्या वेळी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कोणाचा आला नाही. आणि तोंडाने बोलू नये, पण त्याची दयाही आली. घरी जाऊन आईने त्याचं पान वाढलं.

त्यानंतर तो सामन्यांना जात राहिला. काचा वेचायला वाकवत नव्हतं, तरी रांगेत चालायचा. इतिहास मात्र सांगेनासा झाला. न्हाव्याने मला एकदा थांबवून विचारलं, “काकांची तब्येत बरी आहे ना? गप्प असतात.” पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी आई चहा घेऊन मागच्या खोलीत गेली, तर तो झोपेतच गेलेला.

जुना समर्थक गेला की त्याच्या अंगावर हिरवा झेंडा घालायचा, अशी क्लबची रीत आहे. दुपारी अध्यक्ष झेंडा घेऊन आले, बरोबर चार-पाच माणसं. तरुण माणूस, डोळे खरंच लाल झालेले. आई दारात उभी राहिली.

“आधी एक म्हणा,” ती म्हणाली. “लाकूड कुजलं होतं म्हणा. मग घाला झेंडा.”

अध्यक्ष गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बरोबरच्यांकडे.

“काकू, असं कसं म्हणू?” ते अगदी हळू बोलले. “लाकूड चांगलं होतं, हे खुद्द इतिहासकाकांनीच सांगितलंय. त्यांचीच तर साक्ष आहे.”

“ती खोटी होती,” मी म्हणाले. “मरायच्या आधी त्याने आम्हाला सांगितलं.”

“असेल, ताई. पण शंभरीला तर त्यांनी सगळ्यांसमोर…” अध्यक्षांची चूक नव्हती. त्यांनी जे ऐकलं होतं तेच ते सांगत होते.

आईने दार लावलं. ते लोक थोडा वेळ बाहेर उभे राहिले, मग त्यांची पावलं जिन्यावरून खाली गेली. आई काकाजवळ जाऊन बसली. तिने साधी पांढरी चादर त्याच्या गळ्यापर्यंत ओढली आणि ती हुंदके देऊन रडायला लागली, जशी ती माझ्या आठवणीत कधीच रडली नव्हती. काका जिवंत असता तर त्याने उठून दार उघडलं असतं आणि झेंडा आत घेतला असता. हे आईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.