माझ्या रागाचं गाऱ्हाणं

जोगेश्वरीच्या आमच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, परत फुगवला. मग म्हणाले, "बाबा, प्रेशर फार वाढलंय. गोळी देतो. मीठ कमी करा आणि डोक्याला ताप करून घेऊ नका. राग तर अजिबात नको. नाहीतर एक दिवस अर्धं अंग जाईल."

मी म्हणालो, "राग मी आणत नाही, तो येतो."

ते हसले. मी चौथी नापास माणूस, पण उभा जन्म कारखान्यात लेथवर काढला. मशीन तापलं तर का तापलं ते बघायचं असतं. नुसतं थंड हो म्हटल्यानं ते थंड होत नाही.

बायको मात्र हसली नाही. माझा थोरला भाऊ गावी असाच अर्ध्या अंगाने बाजल्यावर पडून गेला होता. त्याचं हगणंमुतणं तिनंच काढलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं नळावर सगळं सांगून टाकलं. आमच्या चाळीत नळावर सांगितलं की वर्तमानपत्रात छापायची गरज नाही.

तिथून माझे हाल सुरू झाले. जिन्यात भेटेल तो म्हणे, "काका, टेन्शन नाय घ्यायचं हां." पाण्याच्या रांगेत कुणी मध्ये घुसला आणि मी तोंड उघडलं की चार बाया एकदम, "काका, शांत, शांत." घुसलेला पाणी भरून निघून जायचा, आणि ओरडा मला. शेजारचा शिंपी टीव्ही मोठ्यानं लावायचा. मी भिंतीवर थाप मारली तर आतून म्हणायचा, "काका, प्रेशर."

डॉक्टरांनी सकाळी डोळे मिटून, लांब श्वास घेत बसायला सांगितलं होतं. बसलो. दहा बाय दहाची खोली, दार उघडं. शिंपीण डोकावली आणि बायकोला विचारते, "काकांक काय झालां गो? बरे आसत मा?" उठलो तो पुरा तापूनच.

जेवणातला सुका बांगडा गेला, लोणचं गेलं. बरणी तिनं फळीवर अशी ठेवली की मला दिसावी पण हाताला लागू नये. मी बिनमिठाची पेज गिळायचो आणि सगळे विचारायचे, आता बरं वाटतं का.

पुढच्या वेळी पट्टा बांधला तर प्रेशर होतं तिथंच.

त्या साली माघात चाळीची पूजा झाली. आम्ही बहुतेक सगळे कोकणातले, त्यामुळे पूजेनंतर गाऱ्हाणं हे आलंच. एका जाणत्यानं नारळ हातात घेऊन सगळ्यांची दुखणी, अडचणी देवापुढे मोठ्यानं मांडायच्या आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. चाळीत हा मान माझा. त्याला एकच नियम, कुणी काही घालायला सांगितलं की नाही म्हणायचं नाही. माझ्या बापानं मला तसंच शिकवलं होतं.

मी सगळ्यांचं घातलं. कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाची कंपनी बंद, शिंप्याची पाठ. नारळ वाढवायला वाकलो, तोच दाराकडून बायकोचा आवाज आला. पुरुषांच्या घोळक्यात ती कधी बोलत नाही.

"अवो, एक घालूचां रवलां."

"कोणाचां?"

"तुमचां. तुमच्या रागाचां. घाला."

शिंप्यानं मान खाली घातली, हसू लपवायला असेल. मला नारळ तिथंच टाकून खोलीत जावंसं वाटलं. पण नियम माझाच. मी तिच्याकडे बघितलं. पदर तोंडाला लावून उभी होती आणि डोळ्यांत ते भावाचं बाजलं होतं.

मी दात खाऊनच म्हणालो, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक राग लय येता. येता तो कारणानंच येता, तां तुका म्हायत आसा. तरी पण तो आवर, आणि ह्येच्या बायलेक परत कोणाचां अंथरूण काढूची पाळी आणू नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." इतक्या जोरात चाळ माझ्या कुठल्याच गाऱ्हाण्याला ओरडली नव्हती.

राग त्यानं कमी झाला असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मला शांत राहा म्हणायचं सगळ्यांनी सोडलं. गोष्ट देवाकडे दिलेली, आता आपण कशाला बोलायचं, असा हिशोब. रांगेत घुसणाऱ्याला मी मनसोक्त शिव्या घातल्या, कुणी अडवलं नाही, आणि घरी येऊन मी शांत झोपलो. शिंप्याचा टीव्ही मात्र तसाच राहिला.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि म्हणाले, "उतरलं बाबा. गोळी लागू पडली."

माझ्या तोंडात उत्तर आलं होतं. बायको शेजारी बसली होती. तिनं माझ्या मनगटावर नुसता हात ठेवला, म्हणून ते मी गिळलं. लोणच्याची बरणी अजून फळीवरच आहे.