तपासणीला गेलो, लाहेला लागलो

नाशिकहून सकाळी सहाची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर एक निळी फाईल होती आणि मनात निकाल तयार होता. प्रतीक्षाला यंदा नापास करावं लागणार होतं.

मी युवाकार्य शिकवतो. तरुण मुलामुलींबरोबर काम कसं करावं, हे शिकवणारा आमचा विभाग. शेवटच्या सहामाहीत विद्यार्थ्यांना चार महिने एखाद्या गावात राहून क्षेत्रकार्य करावं लागतं आणि पर्यवेक्षक म्हणून मी त्यांना भेटायला जातो. भेटायला कसला, तपासायला! मला तक्ते आवडतात हे आधीच कबूल करून टाकतो. वाणसामानाची यादीसुद्धा मी रकाने आखून करतो आणि बायको त्यावरून मला घरात ‘साहेब’ म्हणते. क्षेत्रकार्याचा हजेरीतक्ताही माझीच निर्मिती. तीस बैठका, प्रत्येक बैठकीचा विषय, आणि खाली किमान पंधरा तरुणांच्या सह्या.

प्रतीक्षाने तीसपैकी एकच तक्ता भरून पाठवला होता. फोन केला की म्हणायची, “सर, काम चालू आहे.” जूनपासून धडगावच्या एका वसतिगृहात तिची नोकरी ठरलेली होती आणि तिथली अट एवढीच, की पदवी हातात हवी. क्षेत्रकार्यात नापास म्हणजे वर्ष गेलं आणि त्याबरोबर नोकरीही गेली. मला वाईट वाटत होतं, पण नियम तो नियम, असं मी धुळ्यापर्यंत स्वतःला बजावत होतो. धुळ्यानंतर मला झोप लागली.

नंदुरबारला बस बदलून प्रकाशाला उतरलो. मे महिन्याची दुपार. तापीच्या पुलावरून पाणी दिसलं तेवढ्यानेच बरं वाटलं. काठाला केळीच्या बागा, पलीकडे देवळांची शिखरं, आणि घाटावर दर्शन आटोपून भिजल्या कपड्यांनी सावली शोधणारी माणसं. इथे माझा दुसरा विद्यार्थी ओंकार एका शेतकरी कुटुंबात राहत होता. त्या घरच्या काकूंनी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) आणि झणझणीत शेवभाजी वाढली. घाम पुसत जेवलो आणि मग ओंकारची फाईल उघडली. काय फाईल होती! तीसच्या तीस तक्ते, निळ्या शाईत सह्या, कडेला फोटो चिकटवलेले.

“सर, पोऱ्या भलता गुनी शे,” काकू म्हणाल्या. “रोज सांजले पोरेसले गोया करस.”

“मुलं गोळा करून काय शिकवतो तो त्यांना?” मी विचारलं.

“ते काय मी सांगू? पोरे सही करी लेतस आनि क्रिकेट खेळाले पळतस!”

ओंकार कानापर्यंत लाल झाला. मीही हसलो. फाईलवर शेरा मात्र ‘उत्तम’ असाच लिहिला, कारण रकाने भरलेले होते.

प्रतीक्षाचं क्षेत्रकार्य धडगावजवळच्या एका पाड्यावर होतं. संध्याकाळच्या आत धडगाव गाठायचं म्हणून लगेच शहाद्याला गेलो. स्टँडबाहेर जीप उभी होती.

“धडगाव जावानं शे ना? बठा, बठा,” ड्रायव्हर म्हणाला.

“कधी निघणार?”

“जीप भराई गयी का निंघस.”

माझ्या हिशेबाने जीप केव्हाच भरली होती. त्याच्या हिशेबाने अजून चार जणांची जागा होती, आणि ती त्याने करून दाखवली. माझ्या पायाखाली पोतं, पोटावर फाईल, खांद्यावर कुणाचं तरी झोपलेलं पोर. सपाटीवरचा ऊस आणि कापसाची मोकळी शेतं मागे पडली आणि घाट सुरू झाला. तिसऱ्या वळणावर माझ्या पोटात ढवळायला लागलं. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, कमरेच्या पिशवीतून वाळलेल्या कैरीची एक फोड काढली आणि माझ्या हातावर ठेवली. “चघळा.” ती आमचूरची फोड होती. दात आंबले, पण पोट थाऱ्यावर आलं. पायाखालच्या पोत्यात आमचूरच होतं, हे उतरताना कळलं. मी त्यावर बूट टेकवून बसलो होतो, म्हणून माफी मागितली. बाई नुसत्या हसल्या.

धडगावला प्रतीक्षा स्टँडवर उभी होती. उन्हाने रापलेली, तळहातांना घट्टे. मालेगावकडची ही मुलगी वर्गात बोलताना सारखी ओढणीचं टोक पिळायची. इथे ती जीपवाल्याशी अहिराणीत आणि त्या आमचूरवाल्या बाईंशी पावरीत, म्हणजे तिथल्या आदिवासी बोलीत, बोलत होती.

“उद्या तुझी बैठक बघायची आहे,” मी म्हणालो.

“उद्या बैठक नाही सर. उद्या दित्याभाऊंकडे लाह आहे.”

लाह म्हणजे एका घरचं मोठं काम साऱ्या पाड्याने मिळून उरकायचं. मजुरी नाही. घरधन्याने जेवू घालायचं, आणि आलेल्यांच्या घरी काम निघेल तेव्हा आपण जायचं. दित्या पावरा यांच्या घराची कौलं उतरवून नवे वासे घालायचे होते.

“आणि सह्यांचे तक्ते?” मी मुद्द्यावर आलो.

“पहिल्या रविवारी शाळेत बैठक घेतली. सतरा जण आले. तक्ता फिरवला, सगळ्यांनी सह्या केल्या. पुढच्या रविवारी एकही जण नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग मीनाने सांगितलं. ती पाड्यावरची बारावी झालेली मुलगी. माझ्याआधी बरेच जण आले होते म्हणे. प्रशिक्षण देतो, दाखला देतो म्हणाले, सह्या घेतल्या, फोटो काढले आणि गेले. ती म्हणाली, ताई, इथे सही घेणारा परत येत नाही. म्हणून मी तक्ता पेटीत टाकला आणि परत परत जात राहिले.”

मी म्हणालो, “बघू.” नापास करणारा माणूस असंच म्हणतो.

सकाळी लवकर निघून तासभर चढ चढलो. घरं एकमेकांपासून लांब लांब, प्रत्येकाचं आपल्या शेतात. अंगणाअंगणात कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या, साऱ्या वाटेला आंबूस वास. दित्याभाऊंच्या घरी पोचलो तेव्हा निम्मं छप्पर उघडं झालं होतं. पन्नाशीचे दित्याभाऊ आढ्यावर बसून कौलं काढत होते आणि शिडीपासून आंब्याच्या झाडापर्यंत तरुण मुलामुलींची रांग लागली होती. हातोहात कौलं खाली येत होती. प्रतीक्षा रांगेत मीनाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. कुणी तिला ये म्हणालं नाही, बस म्हणालं नाही. तिची जागा जणू ठरलेलीच होती.

मी झाडाखाली बाजेवर बसून बघत राहिलो. हात चालू होते तशी तोंडंही चालू होती. प्रतीक्षा मध्येमध्ये मला मराठीत सांगत होती. एक मुलगा यंदा ऊसतोडीला गुजरातला जाऊ की आयटीआयचा फॉर्म भरू, यावर साऱ्या रांगेचा सल्ला घेत होता. एका मुलीचं लग्न घरच्यांनी घाईने ठरवलं होतं. तिच्या बापाशी कोण बोलणार, हे तीन कौलं पुढे सरकेपर्यंत ठरलं. जो बोलणार होता तोही रांगेतच होता. वर्गात मी ‘गटसंवाद’ या विषयावर सहा तास घेतो. त्यातला एकही शब्द इथे कुणी उच्चारत नव्हतं आणि सगळं घडत होतं.

इथे शहाण्या माणसाने गप्प बसावं. मला वाटलं, एवढं चांगलं चाललंय तर कागदावरही येऊ दे, पोरीचं भलं होईल. नवे वासे बसले, जेवणं झाली, मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ खाऊन सगळे झाडाखाली टेकले, आणि मी फाईलमधून कोरा तक्ता काढून फिरवला. “फक्त एक सही,” मी म्हणालो.

कुणी नाही म्हणालं नाही. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? दित्याभाऊंनी आधी हात धुतले, मग सही केली. तक्ता सगळीकडे फिरून भरून माझ्याकडे आला. काम पुन्हा सुरू झालं, पण रांगेतली बोलणी थांबली होती. नुसता कौलांचा आवाज. मुलगा आयटीआयबद्दल बोलेना. मीनाने प्रतीक्षाच्या हातात कौल दिलं ते तिच्याकडे न बघता.

प्रतीक्षा माझ्याजवळ आली. तिचे डोळे भरले होते. “सर, मला आता पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. आणि माझ्याकडे चारच दिवस आहेत.”

मला इतकी लाज वाटली की विचारू नका. वीस वर्षं शिकवलेलं एका कागदाने धुऊन नेलं होतं, आणि तो कागद माझा होता.

मी शिडीपाशी गेलो, दित्याभाऊंना तक्ता परत दिला आणि म्हणालो, “हा तुमच्याकडेच असू द्या. माझी चूक झाली.” त्यांनी तो उलटसुलट पाहिला, घडी केली आणि नव्या वाशाखाली सारून वर कौल बसवलं. मग खाली बघून म्हणाले, “सर, रांगेत माणूस कमी आहे.”

बूट काढून मी रांगेत लागलो, मीना आणि प्रतीक्षाच्या मधे. पहिलं कौल पायावर पाडलं. दुसरं पाडता पाडता वाचवलं. रांगेच्या टोकाला कुणीतरी पावरीत काहीतरी म्हणालं आणि सगळे खदखदून हसले. प्रतीक्षाने ते मला मराठीत सांगायचं साफ नाकारलं. ऊन उतरेपर्यंत छप्पर पुरं झालं. तोवर आयटीआयचा विषय परत निघाला होता.

निघताना दित्याभाऊ म्हणाले, “तुम्ही माझ्या लाहेला आलात. तुमचं काम निघालं की बोलवा. आम्ही येणार.”

“मी तिसऱ्या मजल्यावर राहतो,” मी हसत म्हणालो. “माझ्या घराला कौलं नाहीत.”

“काम तर असेल ना?” ते म्हणाले. ते हसत नव्हते.

परतीच्या वाटेवर, प्रकाशाच्या पुलावर बस थांबली असताना, मी ओंकारला फोन केला आणि सांगितलं, की तुझ्या फाईलवरचा ‘उत्तम’ मी तूर्त पेन्सिलीने लिहिलाय असं समज आणि उद्यापासून मुलांबरोबर क्रिकेट खेळायला जा. तो बिचारा “हो सर” म्हणाला. त्याला काय समजलं कोण जाणे.

नाशिकला मूल्यमापन समितीची बैठक झाली. मी सगळं सांगितलं. विभागप्रमुख बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, नियम तुमचाच आहे. एका विद्यार्थिनीसाठी तोंडी हकिकत पुरावा म्हणून कशी धरायची?” त्यांचं काहीच चुकत नव्हतं. आठ दिवसांनी अंतिम बैठक ठेवली. त्या संध्याकाळी मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. मदत मागायची मला सवय नाही. शेवटी प्रतीक्षाला फोन लावला. “दित्याभाऊंना निरोप दे. म्हणावं, सरांनी लाह बोलावली आहे.”

आले. नऊ जण. जीप, मग एसटी, मग दुसरी एसटी, असा अख्खा दिवस प्रवास करून आले आणि रात्री आमच्या हॉलमध्ये हारीने झोपले. सकाळी समितीपुढे मीना बोलली, अडखळत, पण कागद न बघता. त्या मुलीचं लग्न पुढे ढकललं गेलं, ते कसं. आयटीआयचा फॉर्म कुणी, कुठे बसून भरला. थंडीवाऱ्यात, उन्हातान्हात ताई कुणाकुणाच्या लाहेला आली, घरं मोजून तिने सांगितलं. प्रमुख बाईंनी चष्मा काढून ठेवला. “एवढंच लेखी मिळालं असतं तर…” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

“सही कुठे करायची?” मीनाने विचारलं.

मी म्हणालो, “सही घेणारा परत येत नाही, असं तूच म्हणाली होतीस.”

“या वेळी आम्हीच आलोय ना सर,” ती म्हणाली आणि पेन मागून घेतलं.

नऊ सह्या झाल्या. पंधरा नव्हत्या, पण त्यावर कुणी बोललं नाही. प्रतीक्षा पास झाली. लाहेचा नियम म्हणून जेवण माझ्याकडे होतं. बायकोने आणि मी पहाटेपासून राबून केलेला वरण-भात आणि वांग्याची भाजी विभागाच्या व्हरांड्यात पंगतीला वाढली. प्रमुख बाईही मांडी घालून बसल्या.

हात धुऊन आल्यावर दित्याभाऊंनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या पिशवीत बांबूच्या ओल्या कामट्यांचं भेंडोळं होतं, वासे बांधायला लागतात तसलं. “काम कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“झालं की काम.”

“एवढंच?” त्यांना पटेना. “आम्ही तर दोन दिवसांचं समजून आलो होतो.” मला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

हजेरीतक्ता आता बदलला आहे. सह्यांचा रकाना काढून टाकावा असं मला वाटत होतं, पण प्रतीक्षाच म्हणाली, राहू द्या, फक्त शेवटी ठेवा. त्याच्याही पुढे मी एक रकाना वाढवला. तो पर्यवेक्षकाने भरायचा आहे आणि त्यात विचारलंय, ‘परत कधी जाणार?’ पहिल्या तक्त्यावर मी माझ्या हाताने लिहिलं: दिवाळीनंतर, मीनाच्या घरच्या गोठ्याची लाह.