करवतीचा दात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ज्यांच्यासाठी काम करत होते त्या शास्त्रज्ञांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण — कारण शोधत बसले तर पुन्हा राहून जाईल.

मी वाशिंदची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी समुद्री प्राण्यांवर संशोधन करणाऱ्या एका गटासाठी नमुने गोळा करायचे. करवत मासा तुम्ही पाहिला नसेल. त्याचं तोंड पुढे लांब पट्टीसारखं वाढलेलं असतं, दोन्ही कडांना दात; या पट्टीलाच करवत म्हणतात. आपल्या किनाऱ्यावरून तो जवळजवळ दिसेनासा झाला होता. जुन्या करवती जिथे उरल्या असतील तिथून चिमूटभर चुरा आणायचा. त्यावरून कळणार होतं, की हा मासा पूर्वी कुठे होता आणि आता त्याला कुठे जपायचं. बोटींवर कामाला गेलेले लोक अशा करवती गावी आणत. म्हणून शहापूर-मुरबाडची गावं माझ्या वाट्याला आली. आज ठरवलेलं आज उरकायचं, हा माझा स्वभाव. त्याचा मला अभिमानही होता.

डोळखांबकडच्या एका पाड्यावर अशी एक करवत होती. ज्या घरात बाई अवघडलेली, त्या घराच्या दारावर ती टांगायची. बाळंतपण झालं की पुढच्या घरी. पावसाळ्यात ती ओली व्हायची, दातांवर थेंब धरायचे. करवतीला घाम फुटला म्हणजे वेळ जवळ आली, असं म्हणत. हाडात मुरलेलं मीठ हवेतलं पाणी ओढतं, एवढंच ते. मला माहीत होतं. तरी समुद्रापासून इतक्या आत, त्या डोंगरात, दाराखाली उभं राहिलं की ओहोटीचा वास यायचा.

तेव्हा ती सोनीच्या दारावर होती. सोनी त्या घरची सून, पहिलटकरीण. तिच्या सासूने मला सरळ सांगितलं, "पोर मोकली होऊं दे बाय, मंग काय ते कर. तवर हात लावू नको." परवानगीशिवाय हात लावायचा नाही, असा आमचाही नियम होता. मी हो म्हणाले.

पण बाकीचे नमुने मुंबईला जायला निघाले होते. आणि हा एकच राहिला होता — एकच. मी पुन्हा गेले तेव्हा घरची माणसं लावणीला गेलेली. भरदुपार, दार उघडं. आत सोनी झोपलेली. पिशवीत पक्कड होती. चुरा काढायला वेळ लागला असता, म्हणून दातच धरला. ओला होता, सहज सुटला. आवाज झाला का? झाला असावा. सोनीने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं — पापणी न हलवता, बराच वेळ — आणि पुन्हा मिटले.

नमुना उत्तम निघाला. माझं कौतुक झालं.

सोनीचं बाळ जगलं नाही. त्याचा दाताशी संबंध नाही, हे मी तेव्हाही जाणत होते. पण करवत उतरवली तेव्हा एक दात कमी होता, आणि दिवसभर घरात एकटी असायची ती सोनीच. मी कबूल केल्याप्रमाणे बाळंतपणानंतर पोचले, तोवर तिला मुरबाडकडे माहेरी धाडलं होतं, कायमचं. सासू म्हणाली, "तिनंच काढला. इचारलं तं म्हनं, मी नाय." एका वाक्याचं काम होतं. ते ओठांपर्यंत तरी आलं होतं का? मी करवतीचं माप घेतलं, चहा प्याले आणि एसटी पकडली.

काही वर्षांनी ती मुरबाडच्या बाजारात दिसली. सुकी मासळी घेऊन बसली होती. तिने मला ओळखलं — करवत बघायला येणारी ताई. मासळी पुडीत बांधता बांधता आपणहूनच बोलली, हवापाण्याचं बोलावं तशी.

"ताई, तो दात मीच काढला व्हता. पयले नाय नाय म्हनायची मी. पन सपनात दिसतं अजून. दारात बाई उभी, हातात पक्कड. तोंड दिसत नाय तिचं. मंग दुसरी कोन असंल? मीच ना?"

पुडी माझ्या हातात होती. बोटांना मीठ लागलं होतं.

"तूच असशील," मी म्हणाले.