सुजितची कावीळ

शालनबाईंचा आवाज म्हणजे काय सांगावं! गिरणीवाल्या बाईचा आवाज मोठाच असायचा. पट्टा फिरत असताना कानाशी ओरडल्याशिवाय कुणाला काय ऐकू येणार? चाकणच्या कंपन्यांनी वेढलेल्या त्या वाडीत सगळ्यांची दळणं त्याच दळायच्या आणि दळता दळता सगळ्यांची गाऱ्हाणीही ऐकायच्या. म्हणून तर सरकारी दवाखान्यातल्या मॅडमनी त्यांना हेरलं. कोण उदास आहे, कोण जेवत नाही, कोण मरणाची भाषा बोलतंय, त्याला धीर द्यायचा आणि गुरुवारी मनाच्या डॉक्टरांकडे न्यायचं, एवढं शालनबाई शिकून आल्या.

त्यांचं पहिलंच माणूस म्हणजे चतुराबाईंचा सुजित. कंपनीनं ब्रेक दिला, म्हणजे कंत्राट संपवून घरी बसवलं, तेव्हापासून पोरानं अंथरूण धरलं होतं. अंघोळ नाही, बोलणं नाही. एकदा "मी नसलेलाच बरा" म्हणाला, तेव्हा आईच्या काळजात धस्स झालं आणि ती शालनबाईंकडे धावली. पण अट घातली, "गावाला कळता कामा न्हाई. येडा म्हणतील माझ्या लेकाला."

गावात तिनं सांगितलं, सुजितला कावीळ झालीय. मग काय विचारता! कुणी उसाचा रस आणला, कुणी मुळ्याचा पाला. सरूबाईंनी तर काविळीची माळ आणली आणि सुजितनं ती निमूट गळ्यात घातली. शालनबाईंना हसावं की रडावं कळेना. पण गुरुवारी गुपचूप नेऊन आणलेल्या डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडत होत्या. पोरगं दोन घास जेवू लागलं होतं.

आणि तिथंच माशी शिंकली. गिरणीत बायकांची ही गर्दी, जातं धडधडतंय, म्हणून शालनबाई चतुराबाईंच्या कानाला लागून ओरडल्या, "सुजितच्या..." नेमकी लाइट गेली. गिरणी गप्प. "...डोक्याच्या गोळ्या संपायच्या आत डॉक्टरला दाखवा!" हे मात्र भिंतींनाही ऐकू गेलं.

चतुराबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "जीभ हाय का काय हाय तुझी!" एवढंच बोलून त्या दळण तिथंच टाकून गेल्या.

संध्याकाळी शालनबाई त्यांच्या दारात गेल्या, तर आतून कडी. "गोळ्या बंद केल्यात. आता येऊ नगंस." मेली ती लाज! पोराच्या जिवापेक्षा मोठी झाली! पण बोलणार कुणाला? घोळ आपणच घातलेला. पोरानं आता काही करून घेतलं तर, या विचारानं शालनबाईंना त्या रात्री घास गिळवेना.

सकाळी गिरणीत बायकांची कुजबुज चालली होती, ती एकदम थांबली. दारात सुजित उभा! उन्हानं डोळे बारीक केलेला, दाढी वाढलेली.

"मावशी, घरात पीठ न्हाई. आई यायला तयार न्हाई."

शालनबाईंनी काल राहिलेल्या दळणाचा डबा दिला. तो घेतला, पण पोरगं जागचं हललं नाही. बायकांकडे बघत अडखळत म्हणालं, "मला कावीळ न्हाई झाली. मला जगूच वाटत न्हवतं. गोळ्यांनी बरं वाटाय लागलं हुतं. मला त्या घ्यायच्यात. कुणीतरी सांगा की आईला."

शालनबाईंच्या डोळ्यांना धार लागली. पुसायचंही सुचेना.

सरूबाई, गावातली तिखटातली तिखट बाई, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आरं बाबा, मग आधी सांगायचंस! मी येडी माळा करीत बसले!" मग आवाज खाली आला. "माझी सून बाळंत झाल्यापास्नं नुसती रडती. कुणाला सांगितलं न्हाई. तिला चालंल का रं तो डॉक्टर?"

"चालंल की," सुजित म्हणाला.

त्या दिवशी दळणं राहिली रांगेत. बायका उठल्या त्या थेट चतुराबाईंच्या दारात, आणि सरूबाई पुढं म्हटल्यावर कडी किती वेळ टिकणार?

गुरुवारी दवाखान्याला जायची रिक्षा भर पारासमोर उभी राहिली. सुजित आत बसला होता. सरूबाईंची सून मात्र पदरात तोंड लपवून मागं मागं सरत होती. पारावरची माणसं बघत होती. चतुराबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग सुनेचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लाजतीस कशाला, बाय? माझा ल्योकबी तिथंच चाललाय. चढ वर!"