उभ्या माणसाचं मशीन

"ड्युटीवर कोणी बसते काय गा?" खुर्ची पुढे केली की आमच्या शेजारचे काका हमखास म्हणत. आपण रिटायर झालो, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. हिंगण्याच्या कारखान्यात फिटर असताना पाळी संपेपर्यंत त्यांनी कधी बूड टेकलं नाही. मनीषनगरात घरी पेपरही ते उभ्यानेच वाचत, आणि तोही बसलेल्या माणसाला लाज वाटेल अशा बेताने.

अशा माणसाने विकत काय घ्यावं? गवत कापायचं मशीन, तेही वर बसून चालवायचं. कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टच्या भंगारातलं. चार चाकं, स्टिअरिंग, पोटाखाली पाती आणि वर ऐटदार सीट. आमच्या लेआउटच्या, म्हणजे कॉलनीच्या, मैदानाचं गवत फुकटात कापून देतो, असं त्यांनी कमिटीला सांगितलं. कमिटीला 'फुकट' एवढंच ऐकू आलं. मशीन चालू होत नाही, हा किरकोळ तपशील मागाहून कळला.

मग अंगणात शस्त्रक्रिया सुरू झाल्या. बॅटरी नवी आली, प्लग घासला, कार्बोरेटर धुतला. दर वेळी काका बाजूला उभे राहून एक पाय ब्रेकवर देत, वाकून चावी फिरवत आणि मशीन ढिम्म. आम्ही संध्याकाळी फिरायला निघालेली मंडळी फाटकाशी थांबून सल्ले देत असू. आमच्यात दोन बँकवाले आणि एक होमिओपॅथ, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता.

"काहून काका, झाली का चालू?"

"होऊन राहिली ना!" काका म्हणत. ती मुळीच होऊन राहिली नव्हती.

कोजागिरीचं दूध मैदानात आटवायचं होतं आणि गवत गुडघ्याला लागत होतं. कमिटीने सुनावलं, तोवर चाललं नाही तर मशीन भंगारात. त्या दिवशी काका जेवले नाहीत. काकू फाटकाशी येऊन म्हणाल्या, "जिंदगीभर दुसऱ्याच्या बंद मशीनी चालू केल्या यायनं. ही नाही झाली तर मानूस खचून जाईन."

कोजागिरीच्या आदल्या दिवशी काकू चहा घेऊन आल्या आणि गुडघे दुखतात म्हणून सरळ सीटवर बसल्या.

"उठ वं, मशीन आहे ते!"

"गादी आहे त बसले. तुमी फिरवा तुमची चावी."

काकांनी रागारागाने ब्रेक दाबून चावी फिरवली. मशीन धडधडत सुरू झालं! काकू दचकून उतरल्या, तर बंद. बसल्या, तर पुन्हा चालू. सीटखाली एक स्विच होता. माणूस बसल्याशिवाय चालायचं नाही, ही मशीनची शिस्त. काकांची नेमकी उलटी. इतके दिवस दोघेही आपापल्या तत्त्वाला चिकटून होते.

आता तरी काका बसतील? छे! काकूंनी पदर खोचून स्टिअरिंग धरलं आणि काका गवतातले दगड-बाटल्या उचलत पुढे चालले, "डावीकडे घे वं, डावीकडे!" असं ओरडत. पुढे दर कोजागिरीला हीच वरात निघायची आणि आम्ही टाळ्या पिटायचो.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. मला त्यांची फार आठवण येते, आणि यात टोमणा नाही.

यंदा कोजागिरीच्या आधी काकूंनी मशीन एकटीने मैदानात आणलं. दहा पावलं गेलं आणि थांबलं. आम्ही सगळे धावलो. प्लग? पेट्रोल? बॅटरी?

काकू सीटवरून हलल्या नाहीत.

"मशीनले काय धाड भरली," त्या म्हणाल्या. "पुढं कोणी चालून नाही राहिलं ना."