रंगूनवाल्याचं म्हणणं

आमच्या रंगूनवाल्याइतका भित्रा माणूस अख्ख्या जबलपुरात झाला नाही, आणि मी मांजराला भिणारे हवालदार पाहिलेले आहेत. लढाईत तो गोऱ्या साहेबाचा दुभाष्या होता. लढाई संपली तसा ब्रह्मदेश सोडून इकडे आला आणि सदर बाजारात आमच्या घराच्या मागच्या खोलीत वेताच्या खुर्च्या विणू लागला. स्वतः मात्र खुर्चीवर कधी बसला नाही. भिंतीला पाठ, दाराकडे तोंड, बूड जमिनीवर. कोणी खाकरलं तरी टाचणी टोचल्यासारखा उठायचा. मराठी माझ्या बायकोकडून शिकला, पण प्रत्येक बोलण्याला एक शेपूट असायचं. "वांगी किडकी आहेत, असं म्हणणं आहे." भाजीवाली विचारायची, "किसका?" तर हा हात जोडून, "मेरा नहीं, बाई!" आमची ही हसता हसता डोळे पुसायची.

एकदा हिनं विचारलंच, "काहून असं बोलता, भैया?" तेव्हा त्यानं सांगितलं. साहेब कैद्यावर ओरडायचा, खरं बोल, नाही तर गोळी घालीन. दुभाष्यानं तेच, त्याच जोरात म्हणायचं, रिवाजच तो. "साहेबाची भाषा कोणाला कळत होती, वहिनी? धमकी कैद्यांनी माझ्या तोंडून ऐकली. ते मलाच शोधून राहिले असतील."

आणि एका दुपारी खरंच एक ब्रह्मी माणूस दारात उभा राहिला. हा पठ्ठा धान्याच्या कोठीमागे. मीही दाराआड सरकलो, खोटं काहून सांगू? ही मात्र पदर खोचून पुढे. "कोण पाहिजे?" तो आपल्या भाषेत बोलत राहिला, आम्हाला ओ की ठो कळेना. तेवढ्यात कोठीमागून कापरा आवाज आला. जुनी सवय, दुसरं काय! "तो म्हणतो, साहेबाचा दुभाष्या इथं राहतो. मला तोच पाहिजे."

ही ओरडली, "सांगा त्याला, इथं कोणी नाही!"

कोठीनं तेही इमानानं सांगितलं.

पाहुणा कोठीकडे पाहत राहिला. मग खाली बसून हळू काही बोलला. कोठीमागून आवाज आला, "तो म्हणतो, माझा भाऊ तुमच्या छावणीत मेला. मरताना काय बोलला, ते समजणारा तिथं तू एकटाच होतास."

रंगूनवाला बाहेर आला. त्याच्यासमोर बसला, बोलला. दोघंही रडले. भाऊ मरताना काय बोलला होता, ते आम्ही विचारलं नाही. त्या दिवसापासून त्याचं ते शेपूट गळालं. पुढे तो सिहोरा गावाकडे राहायला गेला.

गेल्या महिन्यात ही गेली. शेवटी जीभ वळत नव्हती. माझा हात धरून एकच काहीतरी सांगत होती, पुन्हा पुन्हा. मला उमगेना. मी येड्यासारखा कोठीकडे पाहत राहिलो.