पाठीमागचे हात

सुभेदारीणकाकी कुणाला काही शिकवायला बसल्या, की आधी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे न्यायच्या आणि बोटांत बोटं अडकवायच्या. समोरच्याचं पीठ सांडो, शेण उडो, नाहीतर बोट भाजो, ते हात काही पुढं यायचे नाहीत. "माझा हात आला, की तुझा गेला," एवढं बजावायच्या आणि मग तोंडाचा पट्टा सोडायच्या.

त्यांचे यजमान फौजेत सुभेदार होते, म्हणून त्या सुभेदारीण. त्यांनी उमेदीची वर्षं सरहद्दीवर काढली आणि काकींनी वडूजकडच्या आमच्या गावात घर, कोरडवाहू रान आणि शेरडं सांभाळली. पेन्शनीत आल्यावर सुभेदार गणवेशासारखी इस्त्री केलेली विजार घालून ओसरीवर बसायचे. घरात हुकूम कुणाचा चालतो, हे परक्या माणसालाही चहा होईस्तोवर कळायचं.

मी सांगलीची, भर पेठेत वाढलेली. मीठसुद्धा पुडीतच उगवतं अशा समजुतीची. टाळेबंदीत आम्ही नवराबायको सासरच्या गावी आलो आणि तिथलेच झालो. पहिल्याच आठवड्यात आमचा गॅस संपला. मी शेजारी जाऊन विचारलं, "काकी, तुमच्या चुलीवर भात टाकू का?"

"टाक की. पर उद्या काय करशील? दुकानाला कुलूप लागलं म्हणून घरानं उपाशी बसायचं व्हय?"

भात शिजला, आणि खरकटी भांडी घासायच्या आत काकींनी मला चिखलात बसवलं. माती, शेण, भुसा कालवून मी चूल घातली. ती वाळायच्या आत बसली. मी रडकुंडीला आले, तर काकी म्हणाल्या, "मोड. चूल हाय ती, देव न्हाई. मोडून परत घाल." अशा किती मोडल्या देव जाणे. शेवटी एक उभी राहिली. ती आजही डावीकडं कलते, पण जळते झकास.

काकींना दुकानाचं वावडं होतं असं मात्र समजू नका. घरी गॅस होता, मोबाइल होता, आणि वडूजच्या बेकरीतली खारी चहात बुडवून खाताना त्यांचे डोळे मिटायचे. पण वर्षाची ज्वारी, पुढल्या पेरणीचं बी, डोक्याला लावायचा रिठा, मोरीच्या पाण्यावरची भाजी, या गोष्टींसाठी दुसऱ्याच्या दाराकडं बघणं त्यांना कमीपणाचं वाटे. "खारी न्हाई मिळाली तर मी मरत न्हाई. पर भाकरीला कुणाचं तोंड बघायला लागलं, तर मेल्यातच जमा."

मग एका पावसाळ्यात त्यांना झटका आला आणि उजवं अंग गेलं. मुलगा विकास पुण्याहून गाडी घेऊनच आला. "आई, अण्णा, दोघंही चला. घराला कुलूप घालू."

"कुलपातल्या घराला वाळवी खाती," काकी म्हणाल्या. जीभ जड झाली होती, पण धार तीच. "दिवाळीपतुर थांब. तंवर तुझ्या बापाला हे घर चालवाय आलं न्हाई, तर मी माझ्या पायानं तुझ्या गाडीत बसंन."

तेव्हा त्यांचा एक पाय हलतही नव्हता. आणि सुभेदारांना चुलीतला जाळ आणि धूर यांतला फरकही ठाऊक नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून सुभेदारांची भरती सुरू झाली. काकी ओसरीवरच्या खाटेवर, सुभेदार खाली मातीत. "आवं, पीठ मळताय का सलाम ठोकताय?" "शेरडी हाय ती, शत्रू न्हाई. दमानं धरा." सुभेदार कपाळाला पीठ लावून निमूट ऐकायचे. मी भिंतीआड पदर तोंडात कोंबून हसायचे. एकदा काकी मला म्हणाल्या, "आता हात बांधायची कटकटच न्हाई. देवानंच बांधला." पण तसं बोलल्या तरी शिकवणी सुरू होताना त्या डाव्या हातानं उजवा हात उचलायच्या आणि सवयीनं पाठीमागं ठेवायच्या. ते बघितलं की मी तोंडातला पदर काढायचे.

दिवाळीला विकास आला. सुभेदारांनी त्याला चुलीवरची भाकरी आणि परसातल्या घेवड्याची भाजी वाढली. भाकरीला नकाशासारखे कोपरे होते. विकासनं दुसरी मागितली आणि पुण्याचा विषय काढला नाही. काकींनी नवऱ्याकडं बघून नुसती मान हलवली.

संक्रांत झाली आणि काकी गेल्या. मला स्वतःची आई गेल्यासारखं वाटलं, आजही वाटतं. दिवसकार्य उरकल्यावर विकासनं पुन्हा गाडी दारात लावली. "अण्णा, आता कुणासाठी राहायचं इथं?"

विकास शेवटी एकटाच पुण्याला गेला, हे आधीच सांगून टाकते. घडलं ते असं. सुभेदार म्हणाले, "कणगी लिंपायची हाय. ज्वारी काढणीला आलीया." कणगी म्हणजे धान्य साठवायची, काठ्यांची विणलेली उंच टोपली. आतबाहेर शेणामातीनं लिंपल्याशिवाय त्यात दाणा टिकत नाही. विकासला घाई होती. "मी लिंपतो, लगेच होईल. मग निघू," म्हणत तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसला. त्यानं फासलेला शेणामातीचा गारा सरळ त्याच्या मांडीवर आला. पुन्हा फासला, पुन्हा पडला. तो वैतागून म्हणाला, "अण्णा, जरा हात लावा की!"

सुभेदार त्याच्यासमोर उकिडवे बसले होते आणि त्यांचे दोन्ही हात पाठीमागं होते.

"खालनं वर ने. तळव्यानं दाब," ते म्हणाले. "माझा हात आला, की तुझा गेला."

विकासनं वर बघितलं आणि तो बघतच राहिला. मग खाली मान घालून त्यानं गाऱ्याचा नवा गोळा उचलला. सुभेदारांच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं, पण ते पुसायलाही त्यांनी हात पुढं आणला नाही.